अमेरिकेतील हिस्पॅनिक समलिंगी व उभयलिंगी पुरुष, एचआयव्ही उपचार आणि वैद्यकीय अविश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयाची वेगळी चर्चा का करावी लागते?

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत हिस्पॅनिक किंवा लॅटिनो (स्पॅनिशभाषक देशांशी वा लॅटिन अमेरिकेशी मूळ जोडलेले) म्हणून नोंद झालेले लोक सहा कोटी वीस लाखांहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के आहेत. रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या (सीडीसीच्या) अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे ३१,८०० जणांना एचआयव्हीची नव्याने लागण झाली आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश लोक हिस्पॅनिक होते. २०१८ च्या तुलनेत देशातील एकूण नव्या लागणीत सुमारे १२ टक्के घट झाली होती. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांमध्येही लागण कमी झाली, मात्र हिस्पॅनिक समलिंगी व उभयलिंगी पुरुषांमध्ये ती कमी झाली नाही. औषधे सर्वांसाठी तीच होती आणि पुष्कळदा दवाखानेही तेच होते. मग ही घट याच गटाला का चुकली, या प्रश्नाचे उत्तर शोधताना गरिबी, आरोग्य विम्याचा अभाव आणि भाषेची अडचण यांच्या जोडीने अविश्वासाचाही विचार करावाच लागतो.

वैद्यकीय अविश्वास म्हणजे नेमके काय, आणि तो मोजता येतो का?

डॉक्टर, रुग्णालय, औषध कंपनी किंवा सरकारी आरोग्य यंत्रणा आपल्या हिताचा विचार करत नाही, उलट आपले नुकसानही करू शकते, या धारणेला वैद्यकीय अविश्वास म्हणतात. अनोळखी डॉक्टरवर पहिल्या भेटीत विश्वास न बसणे स्वाभाविक असते आणि दोन-तीन भेटींत ते बदलू शकते. अविश्वास मुरलेला असला, तर डॉक्टरच्या चांगल्या वागण्याकडेही रुग्ण संशयाने पाहू लागतो.

तो मोजण्यासाठी हेली थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली बारा विधानांची मापनपट्टी बरीच वापरली जाते. आरोग्यसेवा देणाऱ्यांच्या हेतूबद्दलचा संशय, आपल्या समाजाला दुय्यम दर्जाची सेवा मिळते ही भावना आणि डॉक्टरांकडून आधार न मिळण्याचा अनुभव, असे तिचे तीन भाग आहेत. या मापनपट्टीचा रोख एकट्या व्यक्तीच्या अनुभवापेक्षा तिच्या समाजाला मिळणाऱ्या वागणुकीवर असतो, हे ध्यानात ठेवावे. स्वतःला कधीही वाईट वागणूक न मिळालेला माणूसही शेजाऱ्याला काय भोगावे लागले हे जाणून असतो.

माझ्या मते डॉक्टरवरचा, औषधावरचा आणि शासनावरचा अविश्वास वेगवेगळा पाहिला पाहिजे. आपल्या डॉक्टरीणबाईंवर पूर्ण भरवसा असलेला रुग्णही त्या आपली माहिती ज्या संगणकात भरतात त्याला घाबरत असू शकतो. अशा माणसाला औषधाचे गुण समजावून सांगितल्याने काहीही साधत नाही, कारण त्याची शंका औषधाबद्दल नसतेच.

हा अविश्वास म्हणजे शेवटी अज्ञानच नाही का?

नाही. त्यामागे घडलेल्या घटना आहेत आणि त्यांतील बऱ्याच घटना सरकारी दप्तरात नोंदलेल्या आहेत.

अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांवाचून ठेवण्यात आले, हे अनेकांना ठाऊक असते. त्याच अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेने १९४६ ते १९४८ दरम्यान ग्वाटेमालात केलेले प्रयोग त्या मानाने कमी परिचित आहेत. डॉ. जॉन कटलर यांच्या देखरेखीखाली तेथील कैदी, सैनिक, मनोरुग्ण आणि वेश्याव्यवसायातील स्त्रिया यांना सिफिलिस, गनोरिया यांसारख्या रोगांची जाणूनबुजून लागण करण्यात आली. इतिहासकार सुझन रेव्हर्बी यांना कटलर यांच्या कागदपत्रांत हे प्रकरण सापडले आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी ग्वाटेमालाच्या राष्ट्राध्यक्षांना दूरध्वनी करून माफी मागितली. पुढे नेमलेल्या आयोगाने सुमारे १,३०० जणांना अशा प्रकारे रोगजंतूंच्या संपर्कात आणले गेल्याचे नोंदवले. हेच कटलर नंतर टस्कीगीच्या प्रकल्पातही सहभागी होते.

गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटावर रिओ पिएद्रास येथील गरीब वसाहतीत सुरू झाली. आज वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांपेक्षा संप्रेरकांचे प्रमाण त्या गोळीत कितीतरी अधिक होते आणि स्त्रियांच्या तक्रारी गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत. त्याच बेटावर १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रजननक्षम वयातील सुमारे एक तृतीयांश मातांची नसबंदी झालेली होती. लॉस एंजेलिसच्या काउंटी (जिल्हा प्रशासनाच्या) रुग्णालयात तर प्रसूतीच्या कळा सोसणाऱ्या, प्रामुख्याने स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांकडून इंग्रजी संमतिपत्रांवर सह्या घेऊन नसबंदी करण्यात आली. त्यांच्यापैकी दहा जणींनी दाद मागितली, परंतु १९७८ मध्ये निकाल डॉक्टरांच्या बाजूने लागला. काउंटीने औपचारिक माफी मागितली ती २०१८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी.

हा इतिहास ठाऊक असल्यामुळेच आजचा रुग्ण गोळी नाकारतो, असे मात्र म्हणता येत नाही. बाल्टिमोरमधील एका अभ्यासात टस्कीगीची माहिती असणे आणि अविश्वास असणे यांचा थेट संबंध आढळला नव्हता. लोकांच्या मनावर मोठा परिणाम करतो तो त्यांचा रोजचा अनुभव: स्वागतकक्षात नाव पुकारताना फुटलेले हसू, कागदपत्रांची चौकशी, तीन तास ताटकळल्यावर मिळालेली पाच मिनिटे. हा अनुभव योगायोग नाही, त्याला परंपरा आहे, एवढे इतिहास दाखवून देतो.

समलिंगी पुरुषांच्या बाबतीत आणखी कोणती कारणे आहेत?

इथे डॉक्टरने प्रत्यक्ष सीमारक्षकाचे काम केले आहे. १९५२ च्या स्थलांतर कायद्यात मानसिक विकृतीच्या सबबीखाली समलिंगी व्यक्तींना अमेरिकेत प्रवेश नाकारण्याची तरतूद होती, आणि त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सार्वजनिक आरोग्य सेवेचे डॉक्टर देत असत. १९६५ च्या दुरुस्तीने ती तरतूद अधिक स्पष्ट केली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती, तरी कायद्यातील ही तरतूद रद्द व्हायला १९९० साल उजाडावे लागले.

ती जाण्याआधीच तिच्या जागी दुसरी आली होती. १९८७ पासून एचआयव्हीग्रस्त परदेशी व्यक्तींना देशात प्रवेश व कायमचे वास्तव्य नाकारले जाऊ लागले आणि ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही चाचणी सक्तीची झाली. १९९३ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, या बंदीला कायद्याचे रूप दिले आणि ती ४ जानेवारी २०१० रोजी उठली. बावीस वर्षांहून अधिक काळ ज्या चाचणीच्या निकालावर देशात राहता येणार की नाही हे ठरत होते, ती चाचणी टाळण्यात स्थलांतरित माणसाला शहाणपण वाटले, तर त्याला अडाणी कसे म्हणणार?

रक्तदानाचा प्रसंग याहून ताजा आहे. १२ जून २०१६ रोजी ऑर्लँडोच्या पल्स नाइटक्लबमध्ये लॅटिन संगीताची रात्र चालू असताना झालेल्या गोळीबारात ४९ जण मारले गेले. त्यांतील बहुतेक हिस्पॅनिक होते आणि प्वेर्तो रिकन तर मोठ्या संख्येने होते. जखमींसाठी रक्त द्यायला शहरभर रांगा लागल्या, पण मागील बारा महिन्यांत पुरुषाशी शरीरसंबंध आलेल्या पुरुषाला तेव्हाच्या नियमानुसार रक्त देता येत नव्हते. आपल्या मित्रांसाठी रक्त द्यायला गेलेल्या निरोगी माणसाला, तुझे रक्त आम्हाला चालत नाही, असे व्यवस्थेने सांगितले. प्रत्येक दात्याला सारखेच प्रश्न विचारणारी वैयक्तिक जोखमीवर आधारलेली पद्धत अन्न व औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये स्वीकारली.

या अविश्वासाचा उपचारांवर प्रत्यक्षात कसा परिणाम होतो?

तो प्रत्येक टप्प्यावर होतो, पण सारख्या प्रमाणात नाही. पहिला फटका चाचणीला बसतो: लक्षणे दिसेपर्यंत माणूस चाचणी करत नाही आणि निदान होते तेव्हा रोगप्रतिकारशक्ती पुष्कळ खालावलेली असते. निदानानंतर पहिल्या भेटीला आलेला रुग्ण दुसऱ्या भेटीला येत नाही. औषध सुरू झालेच, तर तो ते अधूनमधून थांबवतो. डॉक्टरने विचारल्यावर, रोज घेतो, असेच उत्तर देतो, कारण खरे सांगून ओरडा खाण्यापेक्षा हे सोपे असते. मग विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, कमी होत नाही, डॉक्टर औषध बदलतो आणि हे नवे औषध आपल्यावर कशासाठी आजमावले जात आहे, अशी शंका रुग्णाला येते.

लॉस एंजेलिसमधील एचआयव्हीग्रस्त लॅटिनो पुरुषांचा अभ्यास फ्रँक गाल्व्हान, लॉरा बोगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. भेदभावाचा अनुभव आणि औषध नियमित न घेणे यांना जोडणारा दुवा म्हणून वैद्यकीय अविश्वास काम करतो, असे त्यात दिसले. भेदभाव दवाखान्यातच झालेला असावा लागतो असेही नाही. नोकरीत, रस्त्यावर किंवा भाड्याचे घर शोधताना झालेला अपमान माणूस औषधाच्या बाटलीपर्यंत घेऊन येतो.

त्याआधी राफाएल दियास आणि जॉर्ज आयाला यांनी न्यूयॉर्क, मायामी व लॉस एंजेलिस येथील ९१२ लॅटिनो समलिंगी पुरुषांचा अभ्यास करून गरिबी, वंशद्वेष आणि समलिंगीद्वेष यांचा संबंध मानसिक त्रासाशी व लागणीच्या जोखमीशी जोडून दाखवला होता. हिस्पॅनिक समाजात समलिंगी म्हणून आणि गोऱ्या समलिंगी वस्तीत हिस्पॅनिक म्हणून परके ठरणे, ही दुहेरी कोंडी त्या अभ्यासातून ठळकपणे पुढे आली.

सर्व हिस्पॅनिक पुरुषांची स्थिती सारखीच असते का?

अजिबात नाही. प्वेर्तो रिकन माणूस जन्मानेच अमेरिकी नागरिक असतो आणि त्याला हद्दपारीची भीती नसते. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून आलेल्या माया समाजातील माणसाला स्पॅनिश ही दुसरी भाषा असू शकते, म्हणजे स्पॅनिश दुभाषी असूनही त्याचे काम भागत नाही. टेक्सासमध्ये तीन पिढ्या राहिलेल्या घरातला तरुण कदाचित फक्त इंग्रजीच बोलतो आणि दवाखान्यात आपल्याशी मुद्दाम तुटक स्पॅनिश बोलणाऱ्या कर्मचाऱ्यावर चिडतो.

नियमित उपचारांनी नेमके काय साधते?

बहुतेक रुग्णांसाठी आता रोजची एक गोळी पुरेशी असते. उपचार सुरू झाल्यापासून साधारण सहा महिन्यांत विषाणूभार चाचणीत न सापडण्याइतका कमी होतो, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील अभ्यासात एक जोडीदार एचआयव्हीग्रस्त आणि दुसरा नसलेला अशी सुमारे ७८० पुरुष जोडपी होती. निरोधाविना सुमारे ७६,००० वेळा संबंध आले आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही उदाहरण सापडले नाही. सिफिलिस व गनोरिया यांच्यापासून मात्र याने संरक्षण मिळत नाही. त्यांच्या चाचण्या वेगळ्या करून घ्याव्या लागतात.

अविश्वास असलेल्या माणसासाठी ही माहिती विशेष मोलाची आहे, कारण प्रयोगशाळेच्या अहवालातला आकडा तो स्वतः पाहू शकतो. डॉक्टरच्या शब्दावर विसंबून राहण्याची गरज इथे थोडी कमी होते.

प्रतिबंधक गोळी म्हणजे प्रेप उपलब्ध असूनही ती इतक्या कमी जणांपर्यंत का पोहोचते?

सीडीसीच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार प्रेपचा उपयोग होऊ शकेल अशा गोऱ्या लोकांच्या संख्येशी तुलना करता सुमारे ९४ टक्के जणांना ते लिहून दिले गेले होते. हिस्पॅनिकांमध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्के आणि कृष्णवर्णीयांमध्ये १३ टक्के होते.

यातला विरोधाभास टोचणारा आहे. प्रेपची परिणामकारकता सिद्ध करणारा आयप्रेक्स हा मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहा देशांतील २,४९९ पुरुष व पारलिंगी स्त्रिया सहभागी होत्या आणि त्यांतील निम्म्याहून अधिक पेरूच्या होत्या. इक्वादोर आणि ब्राझीलचेही सहभागी होते. लागणीचे प्रमाण एकूण ४४ टक्क्यांनी घटले, आणि ज्यांच्या रक्तात औषध आढळले त्यांच्यात ते त्याहून कितीतरी अधिक घटले. या निष्कर्षांच्या आधारे जुलै २०१२ मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. पेरूच्या सरकारी आरोग्य सेवेत ते रुळायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली, आणि अमेरिकेत त्याचा लाभ आधी गोऱ्या, विमाधारक पुरुषांना झाला. ज्यांच्या शरीरावर औषध पारखले गेले त्यांच्याच भाऊबंदांना ते शेवटी मिळावे, ही जुनीच रीत इथेही दिसते. 'आमच्यावर प्रयोग करतात' हे वाक्य ऐकून चपापणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने ही गोष्ट माहीत करून घ्यावी.

डिसेंबर २०२१ मध्ये दर दोन महिन्यांनी घ्यायच्या आणि जून २०२५ मध्ये दर सहा महिन्यांनी घ्यायच्या प्रतिबंधक इंजेक्शनला मान्यता मिळाली. घरात गोळ्यांची बाटली ठेवता येत नाही अशा माणसाची त्यामुळे मोठी सोय होते. मात्र बाटली निदान पाहता येते आणि गोळी थांबवताही येते. शरीरात गेलेले इंजेक्शन परत काढता येत नाही, म्हणून ज्यांचा अविश्वास औषधाबद्दल आहे त्यांना इंजेक्शनची भीती अधिक वाटू शकते.

'खरे औषध श्रीमंतांसाठी दडवून ठेवले आहे' असे म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे?

एचआयव्ही मुळापासून बरे करणारे, सर्वांना देता येईल असे औषध आज कोणाकडेही नाही. काही मोजक्या रुग्णांचा विषाणू अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर नाहीसा झाला, पण ते प्रत्यारोपण त्यांना कर्करोगासाठी करावे लागले होते आणि ते इतके धोकादायक असते की फक्त एचआयव्हीसाठी ते कोणी करणार नाही. एवढे स्पष्ट सांगावे.

समजूत खोटी असली, तरी तिच्या पोटातली तक्रार खरी असते. मार्च १९८७ मध्ये मान्यता मिळालेले एझेडटी हे पहिले औषध वर्षाला सुमारे दहा हजार डॉलरला पडत असे. सुरुवातीला ते दर चार तासांनी, पुढे अनावश्यक ठरलेल्या मोठ्या मात्रेत दिले गेले आणि त्याने रक्तक्षय होत असे. नंतरच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचारांचा खर्चही श्रीमंत देशांत वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता, आणि २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केले तेव्हा सारे जग चकित झाले. किमतीतली एवढी तफावत पाहिल्यावर औषध कंपन्यांच्या हेतूवर संशय येण्यासाठी कोणत्याही कटकथेची गरज पडत नाही. रुग्णाची ही तक्रार मान्य करून मग औषधाबद्दल बोलणारा डॉक्टर, आणि ती हसण्यावारी नेणारा डॉक्टर, यांच्यातला फरक रुग्णाला पुरेपूर कळतो.

कागदपत्रे नसलेल्या माणसाला एचआयव्हीचे उपचार मिळू शकतात का?

मिळू शकतात. रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातील मुलगा हिमोफिलियासाठी घेतलेल्या रक्तघटकातून एचआयव्हीग्रस्त झाला होता. त्याच्या नावाने १९९० मध्ये झालेल्या कायद्यान्वये चालणारा केंद्रीय कार्यक्रम विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या रुग्णांना उपचार व औषधे पुरवतो. आज देशात पाच लाखांहून अधिक लोक त्याचा लाभ घेतात आणि त्यातून वैद्यकीय सेवा घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांचा विषाणूभार नियंत्रणात आहे. या कार्यक्रमासाठी स्थलांतराच्या स्थितीची अट केंद्रीय कायद्यात घातलेली नाही. उत्पन्नाच्या मर्यादा राज्यागणिक वेगळ्या असतात.

मग लोक का येत नाहीत? कारण नियम आणि नियमांची अफवा या दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पसरतात. २०१९ मध्ये सरकारी मदतीवर अवलंबून राहण्याची शक्यता असलेल्यांना ग्रीन कार्ड नाकारण्याचा निकष कडक करण्यात आला. रायन व्हाइट कार्यक्रम त्यात मोजला जात नव्हता, तरी धास्तीपोटी अनेकांनी त्यांना लागू असलेल्या योजनाही सोडल्या. तो नियम मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला, भीती मात्र मागे राहिली. जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालये, शाळा व प्रार्थनास्थळे यांच्या परिसरात स्थलांतरविषयक कारवाई टाळण्याचे धोरण रद्द झाले. त्याच वर्षी जून महिन्यात मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या काही लाभार्थ्यांची माहिती अंतर्गत सुरक्षा विभागाला दिल्याचे उघड झाले आणि अनेक राज्ये न्यायालयात गेली. अशा काळात 'दवाखान्यात तुम्हाला काही धोका नाही' असे सरसकट आश्वासन देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कोणती माहिती विचारली जाते, कोणती विचारली जात नाही आणि कोणती कुठे पाठवली जाते, हे नेमके सांगणारा दवाखाना अधिक विश्वासार्ह असतो. ज्याचे स्थलांतराचे प्रकरण चालू आहे त्याने या विषयातील वकिलाचा किंवा मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा.

एचआयव्हीबद्दलची माहिती खरोखर गुप्त राहते का?

१९९६ च्या आरोग्य माहितीविषयक केंद्रीय कायद्यानुसार दवाखाना रुग्णाची माहिती मालकाला, घरमालकाला किंवा नातेवाइकांना परस्पर देऊ शकत नाही. एचआयव्हीच्या निदानाची नोंद मात्र राज्याच्या आरोग्य विभागाकडे नावासह होते आणि सीडीसीकडे नाव वगळून जाते.

फार कमी रुग्णांना सांगितली जाणारी एक गोष्ट अशी की, कोणते औषध लागू पडेल हे पाहण्यासाठी केलेल्या चाचणीतून विषाणूची जी जनुकीय माहिती मिळते तीही आरोग्य विभागाकडे पाठवली जाते. सारख्या विषाणूंचे गट शोधून लागण कोठे वेगाने पसरत आहे हे ओळखणे हा तिचा उद्देश असतो, आणि २०१८ पासून सीडीसीने हे काम सर्व राज्यांच्या आरोग्य विभागांना बंधनकारक केले. उद्देश चांगला असला, तरी ज्यांचे रक्त त्यांची संमती मात्र वेगळी घेतली जात नाही. अनेक राज्यांत एचआयव्हीची स्थिती जोडीदारापासून लपवणे हा आजही गुन्हा आहे आणि तिथे ही माहिती पोलिसांच्या हाती लागेल का, ही शंका रास्त ठरते. एचआयव्हीग्रस्तांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एचआयव्ही सल्लागार परिषदेनेही या पद्धतीत बदल सुचवले.

तरुणांची एक वेगळी अडचण आहे. वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत आई-वडिलांच्या विम्यात राहता येते, पण विमा कंपनी खर्चाच्या तपशिलाचे पत्र विमाधारकाला, म्हणजे बहुधा वडिलांना पाठवते. प्रेपची चाचणी त्या पत्रातून घरी उघड होऊ शकते. असे पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर पाठवावेत, अशी लेखी विनंती विमा कंपनीला करता येते आणि ती चाचणीच्या आधी केलेली बरी.

दुभाष्याऐवजी घरातल्या कोणालातरी सोबत नेले तर चालते का?

टाळावे. बहिणीसमोर किंवा चुलत भावासमोर लैंगिक संबंधांविषयीच्या प्रश्नांना खरी उत्तरे देणे जवळपास अशक्य असते. केंद्रीय निधी घेणाऱ्या दवाखान्याने विनामूल्य दुभाषी पुरवावा असे कायदा सांगतो, आणि आणीबाणी वगळता लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरण्यास मनाई आहे. दुभाषी त्याच वस्तीतला, ओळखीचा निघेल अशी भीती असेल तर दूरध्वनीवरील दुभाषी मागावा. डॉक्टरच आपली भाषा बोलणारा मिळावा ही इच्छा समजण्यासारखी आहे, परंतु अमेरिकेतील डॉक्टरांमध्ये हिस्पॅनिकांचे प्रमाण सुमारे सात टक्केच आहे.

कुटुंब आणि चर्च यांचा यात किती वाटा आहे?

या प्रश्नाला हिस्पॅनिकांच्या पुरुषी अहंकाराचे आणि कॅथलिक श्रद्धेचे ठरावीक उत्तर दिले जाते. ते पूर्ण चूक नाही, पण त्यात दवाखाना अलगद सुटतो. घरी लपवावे लागणाऱ्या माणसासाठी दवाखाना ही मोकळे होण्याची जागा व्हायला हवी. तिथेही तोच धाक असेल, तर दोष फक्त घराला देता येत नाही. शिवाय अनेक घरांत निदान कळल्यावर सुरुवातीचा धक्का ओसरला की आईच मुलाला औषधाची आठवण करून देऊ लागते.

विश्वास कशाने वाढतो?

विश्वास कार्यक्रमांपेक्षा माणसांमुळे वाढतो, असे म्हणावेसे वाटते. पेद्रो सामोरा या क्यूबन-अमेरिकी तरुणाचे उदाहरण घ्या. १९८० मध्ये तो लहानपणी बोटीने मायामीला आला, किशोरवयात रक्तदानानंतर त्याला एचआयव्हीचे निदान कळले आणि त्याने शाळाशाळांतून बोलायला सुरुवात केली. १९९४ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेतून तो घरोघरी पोहोचला आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, वयाच्या बाविसाव्या वर्षी गेला. एचआयव्हीग्रस्त हिस्पॅनिक समलिंगी माणूस कसा असतो, हे त्याच्यामुळे अनेक कुटुंबांनी प्रथमच पाहिले.

संस्थांच्या पातळीवर लॉस एंजेलिसमध्ये १९८९ पासून काम करणारी बिएनेस्तार आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन वस्तीत १९९३ मध्ये सुरू झालेली प्रोयेक्तो कोंत्रासिदा पोर विदा या दोन्ही समाजातूनच उभ्या राहिल्या. वस्तीतल्याच प्रशिक्षित आरोग्यमित्रांनी, म्हणजे प्रोमोतोरांनी, रुग्णाला पहिल्या भेटीला सोबत नेणे, फॉर्म भरायला मदत करणे आणि भेट चुकली तर चौकशी करणे हे साधे काम परिणामकारक ठरते. त्यांना पगार मात्र अल्प असतो आणि अनुदान संपले की त्यांची नोकरीही संपते. रुग्णाला मग पुन्हा नव्या अनोळखी चेहऱ्यापुढे आपली कहाणी सांगावी लागते. विश्वासावर कार्यशाळा घेणाऱ्या आरोग्य विभागांनी आधी या नोकऱ्या कायम कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

निदानाच्या दिवशीच औषध सुरू करण्याची पद्धतही उपयोगी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयातील वॉर्ड ८६ ने ती २०१३ मध्ये राबवायला घेतली. निदान आणि पहिली गोळी यांच्यात गेलेले आठवडे म्हणजे शंका वाढण्याचे आठवडे असतात. पण सर्वांत साशंक माणसाला त्याच दिवशी गोळी घ्यायला लावू नये. त्याला विचार करायला वेळ हवा असेल तर तो द्यावा आणि दुसऱ्या दिवशी फोन करावा.

महाराष्ट्रातील किंवा अमेरिकेतील मराठी वाचकाला यातले काय लागू होते?

२०१० पर्यंतची एचआयव्ही प्रवेशबंदी अमेरिकेत नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीयांनाही लागू होती, आणि विम्याच्या पत्राची अडचण न्यू जर्सीतल्या मराठी घरातही तशीच आहे. रायन व्हाइट कार्यक्रमाची दारे व्हिसावर असलेल्या भारतीय रुग्णालाही उघडी असतात.

भारतात २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चाचणीपूर्वी संमती, माहितीची गोपनीयता आणि भेदभावाला मनाई या बाबी त्यात आहेत. त्याच २०१७ सालच्या भारतीय रक्तदान मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र समलिंगी पुरुषांना रक्तदानातून सरसकट वगळले. मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टकडे चाचणी व उपचारांबद्दल संकोच न बाळगता विचारता येते.

डॉक्टरवर विश्वास बसत नसेल तर काय करावे?

डॉक्टर बदलावा, औषध थांबवू नये. औषध मध्येच सोडल्यास विषाणूभार काही आठवड्यांत पुन्हा वाढतो आणि अर्धवट घेतल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. रायन व्हाइट कार्यक्रमातील समन्वयकाला सांगून दुसऱ्या दवाखान्यात नाव नोंदवता येते आणि आपले अहवाल मागून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे. नव्या डॉक्टरकडे जाताना शेवटचा विषाणूभार, सीडी-४ चा (रोगप्रतिकारक पेशींचा) आकडा, चालू औषधाचे नाव आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या लिहून न्यावी. नवी भेट मिळेपर्यंत गोळ्या पुरणार नसतील तर ते आधीच सांगावे, म्हणजे मधल्या काळाची चिठ्ठी मिळू शकते.